सातजणांचा कद्दीश

माझ्या नवऱ्याला अमेरिकेत नोकरी मिळाली ती नदीकाठच्या एका लहान गावातल्या काचेच्या कारखान्यात. आमच्या ओळखीचे सगळे मराठी लोक तेव्हा न्यू जर्सीत नाहीतर कॅलिफोर्नियात होते. या गावात भारतीय म्हणजे आम्ही दोघं आणि हॉस्पिटलातले एक तेलुगू डॉक्टर. त्याला आता तीस वर्षं होत आली.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. आडनावं रायगडातल्या गावांवरून पडलेली, घरात बोलणं मराठी. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली म्हणून पूर्वी लोक आम्हाला शनवार तेली म्हणायचे. शब्बाथ, म्हणजे आमचा विसाव्याचा दिवस, शुक्रवारी अंधार पडला की लागतो आणि शनिवारभर असतो. मी ठाण्यात वाढले. प्रार्थनेच्या जागेला, म्हणजे सिनेगॉगला, आम्ही मशीदच म्हणतो. बाहेरच्यांचा त्यानं गोंधळ होतो, पण माझ्या तोंडात तोच शब्द बसलेला आहे. अमेरिकेला जायचं ठरलं तेव्हा माझ्या आईनं एवढंच विचारलं, "तिथे मशीद आहे का?" नवऱ्यानं कुठून तरी माहिती काढली. म्हणाला, "आहे. आणि चांगली जुनी आहे."

पोचल्यावर पहिल्याच शुक्रवारी संध्याकाळी आम्ही तिथे गेलो. लाल विटांची इमारत, उंच खिडक्या, रंगीत काचा. दारात एक वयस्कर बाई उभ्या होत्या. त्यांनी माझ्या साडीकडे पाहिलं आणि विचारलं, "कुणाला भेटायचंय तुम्हाला?"

"प्रार्थनेला आलोय," नवरा म्हणाला. "आम्ही ज्यू आहोत. भारतातले."

"भारतातले? ते कसे काय झालात?"

"तुम्ही झालात तसेच. आई ज्यू होती."

बाई काही बोलायच्या आत आतून एक उंच, थोडा वाकलेला माणूस घाईघाईनं आला. पन्नाशी उलटलेली, हातावर रंगाचे डाग. गावात त्याचं हार्डवेअरचं दुकान होतं आणि मशिदीचा प्रेसिडेंट तोच होता. त्यानं नवऱ्याचं कोपर धरलं आणि त्याला जवळजवळ ओढतच आत नेलं. "या, या. वीस मिनिटं झाली, आम्ही नऊजण बसून आहोत."

आमच्यात काही प्रार्थना दहा ज्यू माणसं असल्याशिवाय म्हणता येत नाहीत. मेलेल्या माणसासाठी म्हणायचा कद्दीश ही त्यातलीच एक. तेव्हा त्या मशिदीत फक्त पुरुष मोजत. प्रेसिडेंटनं बोटानं मोजायला सुरुवात केली, "एक नाही, दोन नाही, तीन नाही..." माणसं सरळ मोजली तर नजर लागते, म्हणून त्यांच्याकडे असं उलटं मोजतात. नवऱ्यापाशी आल्यावर तो मोठ्यानं म्हणाला, "दहा नाही!" आणि सगळे हसले. दारातल्या बाईसुद्धा.

घरी येताना नवरा गाडीत म्हणाला, "अगं, कारखान्यात मी गेलो नाही तर दुसरा कुणी उभा राहील. इथे मी गेलो नाही तर काम थांबतं." त्यानंतर पंचवीसेक वर्षं त्यानं जवळजवळ एकही शुक्रवार चुकवला नाही. ताप असला तरी मफलर गुंडाळून जायचा.

मशिदीच्या हॉलमध्ये शिरलं की समोर एका दाढीवाल्या म्हाताऱ्याचं मोठं तैलचित्र होतं. कोट काळा, दाढी पांढरी, आणि आपण काहीतरी चुकीचं केलंय अशी नजर. तो या समाजाचा संस्थापक. नवऱ्यानं पहिल्याच महिन्यात त्याचं नाव सासरेबुवा ठेवलं. "तू या घरात दिलेली लेक, आणि हे तुझे सासरे. बघ कसे बघताहेत, पदर नीट घे." पुढे आम्ही घरात त्यांना तसंच म्हणायला लागलो. सासरेबुवांच्या हॉलमध्ये जेवण आहे. सासरेबुवांच्या खिडकीची काच फुटली.

त्यांची हकिगत मला प्रेसिडेंटनंच सांगितली. दरवर्षी सप्टेंबरात, आमच्या नव्या वर्षाच्या सणाआधी, आम्ही गावाबाहेरच्या टेकडीवर दफनभूमी साफ करायला जायचो. मी त्याला अंकल म्हणायची. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा त्याला हसू आलं, मग आवडायला लागलं. पानं गोळा करताना तो बोलत राहायचा. संस्थापक जर्मनीतल्या एका खेड्यातून एकोणिसाव्या वर्षी एकटा आला. पाठीवर बोचकं. त्यात सुया, दोरे, बटणं, रिबिनी, स्वस्तातले चष्मे. शेतावरून शेतावर चालत जायचा, कोठारात झोपायचा. इंग्रजी शिकला ते शेतकऱ्यांच्या बायकांकडून, म्हणून मरेपर्यंत तो त्या बायकांसारखंच बोलायचा म्हणे. मग घोडागाडी झाली, मग नदीच्या रस्त्यावर कापडाचं दुकान, मग त्यावर दोन मजले. गावाचा पहिला आगीचा बंब त्याच्या खटपटीनं आला. शाळेच्या कमिटीवर तो होता.

"आणि माणसं," अंकल म्हणायचा. "त्यानं माणसं आणली. मेव्हणा, चुलतभाऊ, चुलतभावांचे मेव्हणे. एकेकाला बोलावलं, उभं केलं. आम्ही सगळे त्याच्यामुळे इथे."

मशीद बांधायच्या कितीतरी आधी त्यानं ही टेकडी घेतली होती. त्याची आठ महिन्यांची मुलगी तापानं गेली आणि तिला ठेवायला जागा नव्हती. टेकडीवरची पहिली कबर तिचीच. हातभर दगड, त्यावर कोकराचं चित्र. पावसानं इतकं झिजलंय की माहीत नसेल तर वाटीच वाटेल. इथले लोक कबरीवर खडा ठेवतात. आमच्याकडे फुलं वाहतात. मी दरवर्षी सुपरमार्केटमधून शेवंतीची कुंडी न्यायची आणि त्यातली चार फुलं त्या दगडावर ठेवायची. कुणी मला नाही म्हटलं नाही.

आमचा मुलगा त्याच गावात जन्मला, त्याच मशिदीत वयात आल्याचा त्याचा सोहळा झाला. मी मलिदा केला होता, पोह्यात गूळ, खोबरं, वेलची, वर फळं. दारातल्या त्या पहिल्या दिवसाच्या बाईंनी तीनदा मागून घेतला. पुढच्या वर्षी त्या गेल्या. मग एकेक करून सगळंच जायला लागलं. नदीवरची दुकानं बंद झाली. मुलं शिकायला गेली ती परत आली नाहीत. काचेचा कारखाना बंद पडला आणि नवरा तासभर लांबच्या दुसऱ्या कारखान्यात जायला लागला. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासायची, माझी नोकरी टिकली. मशिदीत दहा पुरुष भरेनात, तेव्हा एका सभेत ठराव झाला की यापुढे बायकांनाही मोजायचं. त्या शुक्रवारी अंकलनं माझ्याकडे बोट दाखवून "आठ नाही" म्हटलं. मी लाजले. नवरा खुशीत होता. पण त्यानंतर वर्षभरातच बायका धरूनही दहा होईनात.

तीन वर्षांपूर्वी डिसेंबरच्या सुरुवातीला माझा नवरा गेला. सकाळी ड्राइव्हवेवरचं बर्फ काढायला गेला होता. मी चहा टाकला होता. खोऱ्याचा आवाज थांबला हे मला ऐकू आलं, पण मला वाटलं काम झालं. पाचेक मिनिटांनी खिडकीतून पाहिलं तेव्हा तो गॅरेजच्या दाराशी आडवा होता. लॅबमध्ये आयुष्य काढलं, सगळे आकडे मला पाठ. त्याचे कधी बिघडलेले नव्हते.

तो बुधवार होता. मुलगा कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला असतो, तो गुरुवारी दुपारी पोचला. दफन शुक्रवारी दुपारी ठरलं. अंकल तेव्हा ऐंशी पार केलेला, गुरुवारी संध्याकाळी काठी घेऊन घरी आला आणि माझ्यासमोर बसला.

"एक अडचण आहे," तो म्हणाला. "शहरातून येतात ते धर्मगुरू परदेशात आहेत. ते मी सांभाळीन, मला सगळं येतं. पण माणसं नाहीत. शहरातल्या सिनेगॉगला फोन केला. उद्या शुक्रवार, साडेचारलाच अंधार पडतो. इथे येऊन शब्बाथच्या आत परत जाणं त्यांना जमत नाही. तू रविवारपर्यंत थांबलीस तर मी दहा जण आणतो. शब्द देतो."

"रविवार म्हणजे चार दिवस," मी म्हटलं. "आमच्याकडे मयत ठेवत नाहीत. त्याच दिवशी मातीला देतात. उद्यापर्यंतच दोन दिवस होताहेत."

मुलगा म्हणाला, "आई, इट्स जस्ट टू मोअर डेज."

"नाही," मी म्हटलं. त्या वेळी मला तो तिकडे शीतपेटीत आहे एवढंच दिसत होतं.

शुक्रवारी टेकडीवर आकाश खाली आलेलं होतं. दक्षिणेकडच्या एका शहरात महाराष्ट्र मंडळ आहे. वर्षातून दोनदा गणपतीला आणि दिवाळीला आम्ही तिथे जायचो. तिथले लोक दोन-दोन तास गाडी चालवत आले होते. चौदा जण. कोटाखाली स्वेटर, डोक्यावर माकडटोप्या. थर्मासमध्ये चहा आणि डब्यात साबुदाण्याची खिचडी घेऊन आले होते, कारण आमच्यात काय चालतं ते त्यांना नक्की ठाऊक नव्हतं. त्यांच्यातले एक निवृत्त डॉक्टर, ज्यांना सगळे काका म्हणतात, मला म्हणाले, "माणसं कमी पडताहेत असं ऐकलं. आम्हाला घ्या की मोजायला."

मी ते अंकलला इंग्रजीत सांगितलं. त्यानं काकांचा हात दोन्ही हातांत धरला. "तुम्ही उभे राहा. अगदी पुढे उभे राहा. पण मला तुम्हाला मोजता येत नाही."

त्यानं मोजलं. तो स्वतः, माझा मुलगा, मी, आणि मशिदीतले आणखी चार जण. "सात नाही," असं म्हणून तो थांबला. पुढे मोजायला कुणी नव्हतं.

नवऱ्याला खाली ठेवलं. सगळ्यांनी माती लोटली, मराठी लोकांनीसुद्धा. मग मुलगा कद्दीशचा कागद हातात घेऊन उभा राहिला. त्याला हिब्रू वाचायला अडखळायला होतं, म्हणून मी रोमन अक्षरांत लिहून दिलं होतं. त्यानं अंकलकडे पाहिलं. अंकल जमिनीकडे पाहत होता. वारा सुटला होता, कागद फडफडत होता. मला वाटलं आता इथूनच परतायचं, माझ्या नवऱ्यासाठी हे शब्दही म्हटले जाणार नाहीत. ज्या माणसानं सगळी वर्षं दुसऱ्यांचे दहा भरून दिले त्याच्यासाठी.

तेव्हा अंकल बोलला. त्यानं काठीनं त्या छोट्या दगडाकडे दाखवलं. "आमचा संस्थापक याच टेकडीवर आपली मुलगी घेऊन आला तेव्हा तो एकटा होता. तो आणि खड्डा खणणारा शेतकरी. मैलोन्‌मैल दुसरा ज्यू नव्हता. आणि त्यानं कद्दीश म्हटला. एकट्यानं. जुन्या वहीत पहिल्याच पानावर लिहिलंय. तो एकटा म्हणू शकला, तर आपण तर सात आहोत." मग मुलाकडे वळून म्हणाला, "वाच."

मुलानं वाचलं. जिथे जिथे आम्ही सहा जणांनी आमेन म्हटलं, तिथे मागून अर्ध्या क्षणानं मराठी लोकांचं आमेन आलं. डॉक्टरकाकांचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

त्यानंतर दोन वर्षं मी त्या एका गोष्टीवर उभी होते. मुलगा परत जाताना म्हणाला होता, "आई, तिकडे ऑफिसजवळ एक सिनेगॉग आहे. मॉर्निंगला जाऊन म्हणू का? अकरा महिने म्हणायचं असतं ना?" मीच त्याला म्हटलं, "राहू दे. तुझं काम, तुझा ट्रॅफिक. टेकडीवर म्हटलंस ते पोचलं." माझी खात्री होती. हॉलमध्ये गेले की मी त्या तैलचित्रापाशी थांबायची. ती नजर मला आता रागीट वाटत नव्हती. एकट्यानं उभं राहून लेकीसाठी शब्द म्हटलेला माणूस, असं मी त्याच्याकडे पाहायची.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात आमची शेवटची सभा झाली. रविवारी सकाळी, तळघरातल्या स्वयंपाकघराशेजारी. पाच जण होतो. मधल्या काळात अंकल पायऱ्यांवरून पडला होता आणि त्याची मुलगी त्याला टेक्ससला घेऊन जायला आली होती. त्यानं मशीद बंद करायचा ठराव वाचला, हात वर करायला सांगितले, आणि हात वर झाल्यावर बराच वेळ खालीच आले नाहीत. मग त्यानं किल्ल्यांचा जुडगा माझ्यासमोर ठेवला. "सगळ्यांत तरुण तूच आहेस," तो म्हणाला. मी त्रेसष्ट वर्षांची होते.

आवरायला मला तीन महिने लागले. धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या शहरातल्या सिनेगॉगनं नेल्या. बाकं एका रेस्टॉरंटवाल्यानं नेली. तैलचित्रासाठी मी संस्थापकाच्या एका खापरपणतीला ईमेल केली. मोठ्या शहरातली वकीलबाई. तिनं फार गोड उत्तर पाठवलं की तिला अभिमान वाटतो, पण तिच्या अपार्टमेंटला तशी भिंतच नाही. शेवटी गावाच्या लहानशा म्युझियमनं चित्र घेतलं आणि मागच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलं. इमारत एका कंपनीनं घेतली. तिथे काय करणार ते अजून कुणाला माहीत नाही. टेकडीवरचं गवत नगरपालिका कापते.

जुन्या वह्या एका ज्यू दप्तरखान्याकडे पाठवायच्या होत्या. पहिली वही मी हातात घेऊन पाहिली. जर्मन, तीही जुन्या वळणाची, खिळे ओतून ठेवावेत तशी अक्षरं. मला एक शब्द लागला नाही. पहिल्या पानावरून नुसता हात फिरवला आणि खोक्यात घातली. सोबत चिठ्ठी लिहिली की पहिल्या पानांवर संस्थापकाच्या मुलीच्या दफनाची हकिगत आहे, जमलं तर तिचं भाषांतर मला मिळेल का.

ऑक्टोबरमध्ये मी फ्रीमाँटला मुलाकडे राहायला आले. तो, सून, त्यांचं टाउनहाउस, मागे लिंबाचं एक झाड. दोघं सकाळी आठला निघतात. अशाच एका सकाळी दप्तरखान्यातल्या बाईंची ईमेल आली. त्यांनी मन लावून काम केलं होतं, चार पानं भाषांतर करून पाठवली होती.

मी ती स्वयंपाकघरात उभ्यानं वाचली. संस्थापकानं लिहिलं होतं की मुलीला त्यानं स्वतः टेकडीवर नेलं. शेतकऱ्यानं टोपी काढली. पण त्यानं कद्दीश म्हटला नाही, कारण दहा जण नव्हते. त्यानं तिला थांबायला सांगितलं. मग पुढे कोण कधी आलं त्याची नोंद होती. मेव्हणा वसंतात आला. दोन चुलतभाऊ पुढच्या वर्षी. एक आला आणि परत गेला, त्याच्याबद्दल कडवट एक ओळ. एक जण वाटेतच तापानं मेला. सहा वर्षांनी गावातून जाणाऱ्या एका शिंप्याला त्यानं गळ घालून दोन दिवस ठेवून घेतलं, आणि तो दहावा झाला. त्या दिवशी ते सगळे टेकडीवर गेले आणि बापानं सहा वर्षांपूर्वी मेलेल्या लेकीसाठी कद्दीश म्हटला. दुकान, गाव, समाज, सगळं त्यासाठीच केलं असं काही त्यानं लिहिलेलं नाही. पण मी वाचलं ते तसंच वाचलं.

मी खाली बसले. पहिल्यांदा मला राग आला तो अंकलचा. मग माझा. तो म्हणाला होता, रविवारपर्यंत थांब. या माणसानं सहा वर्षं वाट पाहिली आणि माझ्याच्यानं दोन दिवस निघाले नाहीत. वर मुलालाही मीच थांबवलं. हेही खरं की त्याच्या गावात माणसं यायची होती आणि आमच्या गावातून जायची. त्याला वाट पाहता आली, मी कुणाची पाहिली असती? पण त्या सकाळी असं काही सुचलं नाही. माझ्या नवऱ्याला मी फसवलं, एवढंच वाटत राहिलं.

मी अंकलला फोन लावला. त्याच्या मुलीनं फोन त्याच्या कानाशी धरला असावा, कारण आधी नुसता श्वास ऐकू आला.

"अंकल, वहीचं पहिलं पान तुम्ही कधी वाचलं होतंत?"

"मी?" तो म्हणाला. "मला कुठलं येतंय ते वाचायला! माझ्या बापालाही यायचं नाही."

"मग टेकडीवर तुम्ही सांगितलंत ते?"

तो म्हणाला, "तुम्ही इथे यायच्या आधी माझी बायको गेली, तेव्हा आम्ही आठ जण होतो. बर्फ पडत होतं. तेव्हा मी ते पहिल्यांदा सांगितलं. कुठून आलं तोंडात ठाऊक नाही. मग भाऊ गेला, तेव्हा सांगितलं, तेही तुम्ही यायच्या आधी. मग तुझा नवरा. इतक्यांदा सांगितलं की मी रचलं होतं हे मी विसरून गेलो. मला वाटायला लागलं, कुणीतरी मला वाचून दाखवलं होतं." मग त्यानं विचारलं, "का? काय लिहिलंय त्यात?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. अजून तपासून झालेलं नाही, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण माझ्या मनात राग होता, आणि आयुष्यभर लॅबमध्ये काम केल्यावर आलेला निकाल जसाच्या तसा सांगायची सवय. मी त्याला सगळं सांगितलं. थांबायला सांगितलेली मुलगी, मेव्हणा, चुलतभाऊ, शिंपी, सहा वर्षं.

"सहा वर्षं," तो म्हणाला. मग हळूच, "म्हणजे माझ्या बायकोचा झालाच नाही."

"अंकल, तसं नाही..."

"नाही, नाही. बरं झालं सांगितलंस. ठीक आहे." आणि त्यानं फोन मुलीकडे दिला. ती म्हणाली ते दमलेत, पुन्हा करा. मी दोनदा केला. दोन्ही वेळा ते झोपलेले होते. फेब्रुवारीत तिचा मेसेज आला की बाबा शांतपणे गेले, दफन तिकडेच केलं, जवळचे होते तेवढेच होते. किती जण होते ते मी विचारलं नाही. त्याच्यामागे कद्दीश म्हणणारं कुणी आहे का तेही विचारलं नाही. मुलगी त्यातली नव्हती, हे मला माहीत होतं.

तो मेसेज आला त्या दिवशी मी मुलाला सगळं सांगितलं. त्याची आई खोटं बोलली नव्हती, पण खोट्यावर टेकून बसली होती, आणि मग तेच खोटं एका म्हाताऱ्या माणसाच्या हातातून काढून घेतलं. तो लॅपटॉप बंद करून माझ्याजवळ येऊन बसला.

"आई, मी आत्ता म्हटलं तर काउंट होईल?"

"मला माहीत नाही रे."

"बाबांना फरक पडला असता?"

"बाबा शुक्रवार चुकवायचे नाहीत," मी म्हटलं.

पुढच्या मंगळवारी सकाळी तो सांता क्लाराला ऑफिसला जाताना वाटेतल्या सिनेगॉगमध्ये गेला. आठ जण होते. वाट पाहिली, पण मीटिंग होती म्हणून एक उठला, मग दुसरा. दुसऱ्यांदा नऊ झाले. तिसऱ्यांदा मी त्याच्याबरोबर गेले, आणि त्या दिवशी कोण जाणे कुठून, पंधरा जण होते. माझी मोजायला गरजच नव्हती. जीन्स घातलेली, गळ्यात ऑफिसचं कार्ड अडकवलेली तरुण माणसं. त्यांनी आम्हाला काही विचारलं नाही, पुस्तक दिलं, पान दाखवलं. मुलाला मी आधीच सांगितलं होतं की दोन नावं मनात धर, बाबांचं आणि अंकलचं. त्यानं न अडखळता म्हटलं. सगळ्यांचं आमेन एकदम, बरोबर जागेवर आलं. चार-पाच मिनिटांत संपलं आणि लोक घड्याळं बघत उठले.

मला वाटलं होतं, छातीवरचं काहीतरी उतरेल. उतरलं नाही. नियमानं झाला तो हा कद्दीश, हे मला कळतं. पण वाऱ्यात तो फडफडणारा कागद आणि मागून उशिरा येणारं ते आमेन डोक्यातून जात नाही, आणि नवऱ्याचा कद्दीश म्हटलं की मला तोच आठवतो. हे मी ज्याला सांगू शकले असते, त्याला मी सांगितलं नाही. फोनवर त्याला वाचून दाखवायला माझ्याकडे चार पानं होती, आणि हे एक वाक्य तेव्हा मला सुचलं नाही.

बाहेर पार्किंगमध्ये मुलानं विचारलं, "घरी सोडू, की माझ्याबरोबर ऑफिसला येतेस? कॅफेटेरियात बस, दुपारी परत सोडतो."

मी घरी सोड म्हटलं.